कूलर बाहेरच ठेवतात

भगवंतरावांनी एखादा शब्द चुकीचा वापरला असता, तर निभावून गेलं असतं. त्यांनी अगदी बरोबर शब्द वापरला आणि तिथेच घोटाळा झाला.

त्यांच्या मुलीच्या, चंदाच्या लग्नाचा बस्ता होता. व्याह्यांकडची मंडळी अकोल्याहून अमरावतीला आली होती आणि कापडाच्या दुकानात गादीवर बसून शालूंचा ढीग उपसत होती. नवरदेवाची आई शकुनबाई सहज म्हणाल्या, "कुलदीप दिसून नाई राहिला?"

"त्याचा अभ्यास चालू हाय," भगवंतराव म्हणाले. "शनवारी तुमच्याच गावात स्पर्धा हाय ना त्याची. राऊटर बसवाची."

"काय बसवाची?"

"राऊटर. थो नेटचा डबा नसते का, लुकलुक करते थो. थो कोठी बसवाचा, वायर कुठून न्याची, असं."

शब्दन् शब्द खरा होता. आदल्या दिवशी मोगऱ्याच्या कळ्या तोडता तोडता त्यांनी मुलाला विचारलं होतं, की त्या स्पर्धेत करतात तरी काय? कुलदीप म्हणाला होता, "एक इमारत देतात बाबा, तिच्यात राऊटर बसवाचे." ती इमारत नकाशातली असते आणि राऊटरच्या जागा आपण लिहिलेला प्रोग्राम शोधतो, हेही त्याला सांगायचं होतं. पण कुलदीपचा एक स्वभाव होता. बोलायला लागला की मध्येच त्याला वाटायचं, समोरच्याला कंटाळा आला असेल. मग तो वाक्य तिथेच सोडून द्यायचा. त्या दिवशीही उरलेलं अर्धं वाक्य मोगऱ्याच्या वाफ्यात राहिलं.

पहिलं अर्धं मात्र शकुनबाईंनी अकोल्याला नेलं आणि आपल्या भावाला, म्हणजे नवरदेवाच्या मामाला सांगितलं.

ओमप्रकाशमामा अकोल्याच्या बाजारात तुरीचे अडत्ये होते. त्यांनी आजवर एकही पोतं नुसतं वरून पाहून पसंत केलं नव्हतं. पोत्याच्या पोटात टोकदार नळी खुपसायची, तळचे दाणे हातावर घ्यायचे, एखादा दाताखाली फोडायचा आणि मगच तोंड उघडायचं. सोयरिकीतही त्यांची हीच रीत होती. त्यांनी भगवंतरावांना फोन लावला.

"भगवंतराव, बोलणीच्या टायमाले तुमी सांगतलं, पोरगं इंजिनिअरिंगले हाय म्हणून. आता आयकतो, वायरमन हाय."

"इंजिनिअरिंगलेच हाय ना बाप्पा!"

"मंग राऊटर काहून बसवते?"

खरं तर हा प्रश्न भगवंतरावांनाही पडला होता.

"वायरमन असाले माया इरोध नाई," मामा म्हणाले. "माया सख्खा जवाई वायरमन हाय, लाखात एक मानूस. पन मंग तसं सांगाचं होतं. एक पोतं खोटं निंगालं, का मानूस बाकीचीबी फोडून पाहते. शनवारी मी सोता जाऊन पाहतो त्याले. मंग बोलू."

'मंग बोलू' या दोन शब्दांनी घरातल्या आनंदावर पाणी पडलं. रविवारी हळद होती, सोमवारी लग्न. त्याच्या आधी मामा बोलणार म्हणजे काय बोलणार? नवरदेव मनोज चंदाला मनापासून आवडला होता. गेले कित्येक दिवस ती त्याच्याशी फोनवर इतकं बोलत होती, की तिची आई रुख्मिणीबाई म्हणायच्या, "लग्नानंतर बोलाले काही ठेव ना माय थोडंसं." आता चंदाने भावाला गोठ्यामागे गाठलं.

"कुल्या, त्या मामाले नीट सांगजो. पूर्ण वाक्यात."

"मी काय सांगू ताई? मले पाहूनच त्याले वाटन, का मी खोटा हावो."

"तुले पाहून मलेबी वाटते," चंदा म्हणाली. तिचे डोळे मात्र भरले होते. "पन सांगजो."

कुलदीपच्या डोक्यावर आणखी एक काम होतं. घरातला शिकलेला म्हणून मंगल कार्यालयातले कूलर कुठे लावायचे, ते भगवंतरावांनी त्याच्यावर सोपवलं होतं. मे महिना होता, मुहूर्त भर दुपारचा होता. वऱ्हाडात लग्नाची कीर्ती जेवणावर ठरते असं म्हणतात, पण मे महिन्यात ती कूलरवर ठरते. वरपक्षाच्या अंगावर हवा आली नाही, तर श्रीखंड कितीही दाट असो, वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. कुलदीप आठवडाभर अंथरुणावर पडल्या पडल्या छताकडे पाहत कूलर मांडत होता. कूलरची हवा इतक्या लांब जाते, मध्ये भिंत आली की थांबते, आणि वायर एकाच बोर्डावरून न्यायची आहे. स्पर्धेच्या तयारीसाठी रागिणीने पाठवलेला जुना प्रश्न त्याने वाचला, तेव्हा त्याला क्षणभर वाटलं, हा नत्थुजी कूलरवाल्यानेच लिहिला आहे.

रागिणी त्यांच्या संघाची प्रमुख. अमरावती शहरातली, कॉलेजात पहिली येणारी, चुकीला क्षमा न करणारी. तिसरा अंकुर. तो वेगाने टाइप करायचा आणि त्याच वेगाने खायचा. शनिवारी सकाळी तिघं बडनेऱ्याहून गाडीत बसले. अंकुरने मूर्तिजापूरला भजी घेतली आणि बोरगावच्या आत संपवली. कुलदीपने खाल्लं नाही. मामांना सांगायचं पूर्ण वाक्य तो मनात रचत होता आणि ते अकोल्यापर्यंत पूर्ण झालं नाही.

स्पर्धा एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मोठ्या सभागृहात होती. दारावर सुरक्षारक्षक खिसे तपासत होता. कुलदीपच्या खिशातून त्याने एक कांदा काढला.

"हे काय?"

"कांदा. आईनं ठेवला. ऊन लागू नये म्हणून."

रक्षकाने कांदा वळवून पाहिला, परत दिला आणि स्वतःच्या खिशातला काढून दाखवला. "मायावाला लहान हाय," तो म्हणाला. "मोबाईल मात्र जमा करा."

तेवढ्यात मोबाईल वाजला. भगवंतराव होते.

"कुलदीप, नत्थुजी कूलर घेऊन आला. कोठी लावू म्हणते. आत लावू का?"

"आत नाई बाबा! कूलर बाहेर राह्यते. खिडकीच्या बाहेर. आत फक्त हवा."

"अन् मामाजी कोठी बसन, त्याच्या हिशोबानं..."

पुढचं ऐकायच्या आत रक्षकाने मोबाईल पिशवीत टाकला. कुलदीप आत गेला, पण त्याचं डोकं खिडकीबाहेर कूलरपाशीच राहिलं.

संगणकावर प्रश्न उघडला. या वेळची इमारत म्हणजे एक मोठा बाजार होता. नकाशा चौकोनांचा. भिंत असेल तिथे फुली, जिथे नेट पोचायला हवं तिथे टिंब, आणि जिथे नेट पोचलं काय नि न पोचलं काय, सारखंच, तिथे आडवी रेघ. दुकानांचे गाळे समोरासमोर होते, तोंडं उघडी, आणि मधून लांबच लांब बोळ गेलेला. गाळ्यांत टिंबं, बोळात रेघा. राऊटर मोजकेच मिळणार होते. प्रत्येकाचा सिग्नल चारी बाजूंना ठरावीक चौकोन जाणार, भिंत आली की अडणार. जितकी टिंबं झाकली तितके गुण. आणि एका कोपऱ्यातून प्रत्येक राऊटरपर्यंत वायर न्यायची; ती जितकी लांबेल तितके गुण कापले जाणार.

रागिणीने कामं वाटली. राऊटर निवडायचं अवघड काम तिने घेतलं, वायरीचं अंकुरला दिलं. "कुलदीप, तू एवढंच लिही, की अमुक चौकोनात राऊटर ठेवता येतो की नाही. हो किंवा नाही. बस." काम सोपं होतं, म्हणजे बिघडवता न येण्यासारखं. कुलदीपला याचं वाईट वाटलं नाही. तीही बरोबरच करत असेल, असं त्याला वाटलं.

तो लिहीत असताना रागिणीने तात्पुरती सोय करून पहिलं उत्तर पाठवलं. समोरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्या संघांची नावं गुणांनुसार वर-खाली होत होती. त्यांचं नाव शोधायला मान बरीच खाली घालावी लागली.

"प्रत्येक गाळ्यात एक राऊटर टाकावा लागून राहिला," रागिणी वैतागून म्हणाली. "तेवढे आहेतच कुठे? कुलदीप, तुझं झालं का?"

"झालं. पन बरोबर हाय का, माहीत नाही."

"दे इकडे."

तिने ते जोडलं, चालवलं, पाठवलं. पडद्यावर त्यांचं नाव निघालं आणि वर वर चढत दुसऱ्या ओळीत जाऊन बसलं. अंकुरच्या तोंडातलं बिस्किट तसंच राहिलं.

आनंद व्हायच्या ऐवजी रागिणीच्या कपाळावर आठी पडली. तिने नकाशाचं चित्र उघडलं. सगळे राऊटर बोळात उभे होते. दोन्हीकडच्या गाळ्यांकडे तोंड करून, ऐटीत.

"कुलदीप! राऊटर बाहेर का ठेवले?"

"बाहेरच ठेवतात."

"कोण ठेवतं?"

"सगळेच. आत कोणी ठेवते का? आत फक्त हवा..." आणि कुलदीपला आपण काय केलं ते कळलं. त्याचा चेहरा उतरला. "मले वाटलं... म्हणजे, मी कूलरचं..."

"कूलर?"

अंकुरने वाकून कुलदीपचा कोड पाहिला आणि बिस्किट गिळलं. "रागिणी, याने राऊटर शब्द कुठंच लिहिला नाई. सगळीकडे कूलर हाय."

रागिणीने नियमांचं पान उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. कुलदीपला वाटलं, आता ही आपल्याला संघातून काढणार आणि तेही योग्यच असेल. ती थांबली. पुन्हा वाचलं.

"राऊटर भिंतीत बसवता येणार नाही," ती हळूच म्हणाली. "एवढंच आहे. टिंबावरच ठेवा असं कुठे म्हटलंच नाही."

"मंग आपल्याले कोणी सांगतलं होतं?" अंकुरने विचारलं.

"कोणीच नाही. आपलं आपणच ठरवलं."

शेवटच्या तासासाठी लोकांना मागच्या खुर्च्यांवर बसायला सोडलं. कुलदीपने मागे पाहिलं. डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडत ओमप्रकाशमामा आत येत होते. त्यांनी सभागृहावर एक नजर टाकली, हवा कुठे येते ते हेरलं आणि कूलरच्या खिडकीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. मग कुलदीपच्या हाताकडे बघत राहिले. हातात पक्कड नव्हती, पेचकसही नव्हता. त्यांचा संशय वाढल्याचं कुलदीपला एवढ्या लांबूनही दिसलं.

वेळ संपली. पहिल्या तीन संघांनी मंचावर येऊन आपली रीत समजावून सांगायची होती. परीक्षक म्हणून पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. रागिणी आत्मविश्वासाने बोलली, अंकुरने वायरीचं सांगितलं, आणि मग मॅडमनी त्यांचा कोड मोठ्या पडद्यावर उघडला.

"हे काय आहे?" त्यांनी चष्मा वर केला. "इथे 'कूलर' लिहिलंय. इथेही. 'कूलर ठेवता येतो का'... हा भाग कोणी लिहिला?"

सभागृह हसलं. कुलदीप पुढे झाला. माइकचा आवाज नको तेवढा मोठा होता.

"मी. चुकून झालं ते. आमच्या घरी लग्न आहे, तर..."

तो थांबला. मॅडमना कंटाळा आला असेल, असं त्याला वाटलं. पण तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"एक मिन्ट!" ओमप्रकाशमामा उभे राहिले होते. "मॅडम, मी मुलाकडचा मामा. आमाले पयले सांगतलं इंजिनिअर. मंग आयकलं राऊटर बसवते. आता तुमी म्हनता कूलर. मले फक्त इतकं सांगा, हे पोट्टं नेमकं बसवते काय?"

आता तर हशा आवरेना. मॅडमनाही हसू आलं. पण कुलदीप हसला नाही. त्याला मंच, पडदा, मॅडम काही दिसेना. गोठ्यामागे उभी असलेली चंदा तेवढी दिसत होती. पूर्ण वाक्यात, ती म्हणाली होती.

"मामाजी," तो म्हणाला, आणि घाईत पुस्तकी भाषा सुटून गेली, "मी काहीच बसवत नाई. कोठी बसवाचं, थे सांगतो. आमच्याकडं कूलर घरात कोणी ठेवत नाई. खिडकीबाहेर ठेवतात, अन् हवा आत येते. हे गाळे पाहा. गाळ्यात ठेवला, तर एकाच गाळ्याले पुरते. बोळात ठेवला, तर दोन्हीकडच्या गाळ्याइले पोचते. मंग डबे कमी लागतात, अन् वायर कमी लागते. वायर कमी, तर मार्क जास्त. मधात भिंत नसली पाह्यजे, बस."

एवढं सलग तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला असावा. अंकुर तोंड उघडं टाकून पाहत राहिला.

मामा विचारात पडले. त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"म्हणजे राऊटर तुया नाई."

"नाई."

"इमारत तुई नाई."

"नाई."

"अन् तू कशाले हातबी लावत नाई. फक्त सांगतं, का हे इथं ठेवा अन् थे तिथं."

"हाव."

मामांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "अरे, मंग तू अडत्या हायस ना बावा! माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, आपुन फक्त गाठ घालून देतो. हेच तर आमी तीस वर्सं करून राहिलो!" त्यांनी सभागृहाकडे वळून जाहीर केलं, "मायाच धंद्यातला हाय पोट्टा."

आणि समाधानाने कूलरसमोर बसले.

पहिला नंबर नागपूरच्या संघाला मिळाला. त्यांनीही राऊटर बोळातच ठेवले होते. हे कसं सुचलं, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "नियम वाचला." कुलदीपच्या संघाला दुसरा मिळाला. "पुढच्या वेळी नियम वाचत जा," मॅडम त्याला म्हणाल्या, "पण कूलर सोडू नका."

बाहेर मामांनी तिघांना उसाचा रस पाजला आणि तिथूनच शकुनबाईंना फोन लावला. "तळापासून पाहून आलो. दाना एक नंबर हाय." मग फोन कुलदीपच्या हातात दिला. "घरी सांगून दे. हळदीले आमी पाच वाजता पोचतो." कुलदीपने घरी फोन लावला. चंदानेच उचलला, आणि त्याने सगळं पूर्ण वाक्यांत सांगितलं. मध्ये दोनदा ती म्हणाली, "अबे, आयकलं ना, किती बोलतं!"

सोमवारी कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. कूलर कुलदीपने सांगितले तसेच, सगळे खिडक्यांबाहेर होते. मंडळी गारव्यात बसून खूश होती. मामा तर प्रत्येकाला पकडून सांगत होते, की नवरीचा भाऊ इंजिनिअर असून अडतीचं काम करतो, आणि वायर कमी लागली तर त्याला मार्क जास्त पडतात.

वधू-वर मंचावर उभे राहिले. मध्ये अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. रिवाजाप्रमाणे ओमप्रकाशमामा मनोजच्या पाठीशी उभे होते. आणि इथे कुलदीपच्या हिशोबातली चूक उघडी पडली. मंचाचा कूलर चंदाच्या मागच्या खिडकीत होता. चंदाच्या बाजूला थंडगार. हवा अंतरपाटापर्यंत यायची आणि थांबायची. पलीकडे मनोजचं बाशिंग घामाने चिकटलं होतं आणि मामांचा फेटा ओला झाला होता. कुलदीपने सगळ्या भिंती मोजल्या होत्या. अंतरपाट त्याच्या नकाशात नव्हता.

दुसरं मंगलाष्टक संपता संपता मामांना राहवेना. भटजींच्या सुरावर आवाज चढवून ते ओरडले, "कुलदीपराव! मधात भिंत हाय!"

अंतरपाटाच्या अलीकडे चंदाचे खांदे हसून हलायला लागले.

कुलदीप खिडकीकडे धावला आणि त्याने कूलरचं बटण पिळून शेवटच्या टोकाला नेलं. कूलर घरघरला. अंतरपाट आधी शिडासारखा फुगला, मग भटजींच्या हातून सुटला आणि उडून थेट त्यांच्याच तोंडावर जाऊन बसला. चंदा आणि मनोज समोरासमोर आले. मनोजला पहिल्यांदा हवा लागली आणि तो इतका मोकळेपणाने हसला, की लोकांना वाटलं, मुहूर्त झाला. अक्षतांचा पाऊस पडला. बँडवाल्यांनीही वाट पाहिली नाही.

"थांबा! थांबा! अजून तीन बाकी आहेत!" अंतरपाटातून डोकं काढत भटजी ओरडत होते.

मामा डोळे मिटून, फेटा मागे सारून, तोंडावर हवा घेत उभे होते.

"जाऊ द्या ना भटजी," ते म्हणाले. "पोचलं ना नेट. आता वायर कायले वाढवता?"